पाळकाची मुलगी रविवारी यायचं नाही म्हणते तेव्हा

ताई, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे यजमान एका छोट्या गावातल्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांचे, पाळक आहेत. पंधरा वर्षांची मुलगी लहानपणापासून गायनवृंदात गायची, संडे स्कूलमध्ये लहान मुलांना सांभाळायची. काही महिन्यांपूर्वी तिनं गाणं सोडलं आणि आता "मी रविवारी येणारच नाही" म्हणून हटून बसली आहे. मंडळीच्या कमिटीतल्या एका पंचांनी तुमच्या यजमानांना बाजूला घेऊन, ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार, या अर्थाचं वचन ऐकवलं. नऊ वर्षांचा धाकटा मात्र "देवमाणूस" आहे, त्याची काही तक्रार नाही. मुलीला ओढून न्यावं की सोडून द्यावं, हा तुमचा प्रश्न.

धर्मसेवकांच्या कुटुंबांचं समुपदेशन हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि पाळकगृहातल्या मुलांशी माझं बोलणं त्यांच्या आईवडिलांइतकंच झालेलं आहे. त्यावरून सांगते: ओढून नेऊ नका, आणि "तुझं तू बघ" म्हणून हातही झटकू नका. पण त्याच्याही आधी एक काम आहे आणि ते मुलीचं नाही, तुमच्या यजमानांचं आहे. मुलीची रविवारची हजेरी आणि वडिलांची नोकरी यांच्यात पडलेली गाठ त्यांनी स्वतः सोडवायला हवी. माझ्यापुढं आलेल्या अशा मुलांपैकी देवावर चिडलेली थोडी होती. बहुतेकांना वडिलांच्या लायकीचा दाखला बनून फिरण्याचा वीट आला होता.

ही गाठ काल्पनिक नाही. पंचांनी ऐकवलेलं वचन तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, 3 ऱ्या अध्यायातलं आहे. मंडळीचा अध्यक्ष कसा असावा हे सांगताना तिथं घर आणि मुलं ताब्यात असण्याची अट आली आहे. तीताला लिहिलेल्या पत्राच्या 1 ल्या अध्यायातही तसंच आहे. म्हणजे पाळकाच्या मुलाचं वागणं हे खरोखरच वडिलांच्या पात्रतेच्या यादीत लिहिलेलं आहे. डॉक्टरचं मूल आजारी पडलं म्हणून कुणी डॉक्टरची पदवी काढून घेत नाही. पाळकाच्या घरी मात्र मुलीनं केस कापले तरी तो बैठकीचा विषय होऊ शकतो. आणि मुलांना हे कळतं. कुणी समजावून सांगत नाही, तरी सातआठ वर्षांच्या मुलालाही आपण रडलो, मारामारी केली, नापास झालो तर "बाबांना त्रास होईल" हे पक्कं माहीत असतं. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे, तर बाबांच्या कामावर गदा येईल म्हणून घाबरून वागणारं मूल हा वेगळाच प्रकार आहे.

त्या पंचांना उत्तर द्यायचं तर शास्त्रातूनच देता येतं. ती वचनं घर चालवण्याबद्दल आहेत; तीताच्या पत्रात मुलं विश्वास ठेवणारी असावीत असं म्हटलंय, पण दोष म्हणून नाव घेतलंय ते बेतालपणाचं आणि अनावरपणाचं. पंधराव्या वर्षी पडलेल्या प्रश्नांबद्दल तिथं एक अक्षर नाही. जुन्या करारातला याजक एली, त्याच्या मुलांचं उदाहरण देणारे बरेच भेटतात. ती मुलं, हफनी आणि फिनहास, स्वतः याजक होती, मोठी होती आणि लोकांनी आणलेली अर्पणं बळकावत होती. गायनवृंद सोडणाऱ्या मुलीशी त्यांची बरोबरी करणं हास्यास्पद आहे. आणि एलीची गोष्ट सांगणारे त्याच्याच हाताखाली वाढलेल्या शमुवेल संदेष्ट्यापाशी येऊन गप्प होतात. लहानपणी त्यानंच एलीला त्याच्या घराण्याबद्दलचा इशारा ऐकवला होता. पुढं म्हातारपणी त्याचे स्वतःचे मुलगे, योएल आणि अबीया, लाच खाऊन निवाडे फिरवू लागले. लोकांनी ते तोंडावर सांगितलं आणि राजा मागितला. शमुवेलाला मात्र त्या अध्यायात कुणी अपात्र ठरवलेलं नाही.

पण शास्त्रार्थ जिंकून घर सुधारत नाही. यजमानांनी पंचांना साधं एवढं म्हणावं: "माझ्या उपदेशाबद्दल, भेटींबद्दल, हिशोबाबद्दल जरूर विचारा. मुलगी कुठे बसते, येते की नाही, हे मला घरचा माणूस म्हणून बघू द्या." आवाज न चढवता, एकदाच. आणि आपण हे बोललो आहोत हे मुलीला कळू द्यावं. हा दुसरा भाग लोक विसरतात. वडील बाहेर आपली बाजू घेतात, घरी मात्र काही बोलत नाहीत, आणि मुलीला वाटत राहतं की तेही पंचांच्याच बाजूचे आहेत. मी पाहिलेल्या घरांत बापलेकीचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते बहुतेक वेळा इथूनच.

तुम्ही स्वतः काय करायचं? निरोप पोचवायचं थांबवा. तुमच्या मजकुरात "ह्यांना असं वाटतं", "ती म्हणते की बाबांना सांग" अशी वाक्यं पुष्कळ आहेत. दोघांतला ताण तिसऱ्याच्या खांद्यावर देऊन घर चालवणं याला कुटुंबोपचारात त्रिकोण म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी त्यावर बरंच काम केलं. पाळकाच्या घरात तर मंडळी हा चौथा कोन असतो, आणि मधे सापडते ती बहुधा पाळकीणबाई. तुमचा थकवा मला तुमच्या पत्रातून दिसतो आहे, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिते.

आता रविवारचं. इथं तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. उपासनेला येऊन बसणं ही एक. गायनवृंद, संडे स्कूल, कीबोर्ड, खुर्च्या मांडणं ही सेवा ही दुसरी. आणि दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) किंवा प्रभुभोजन घेऊन "हा माझा विश्वास आहे" असं सर्वांसमोर म्हणणं ही तिसरी. पहिलीबद्दल घरात वाटाघाट होऊ शकते. पंधरा वर्षांच्या मुलीनं कुटुंबाच्या काही गोष्टींत सामील व्हावं असं आईवडील म्हणू शकतात, आणि "महिन्यातून दोनदा ये, मागच्या बाकावर बस, संपल्यावर दारात उभं राहून सगळ्यांशी हस्तांदोलन करायला लागणार नाही" अशा तडजोडी टिकतात. (दारातलं ते हसू हा कित्येक मुलांच्या तक्रारीतला सर्वात मोठा भाग असतो, हे ऐकून पाळकांना दर वेळी आश्चर्य वाटतं.) दुसरीची सक्ती अजिबात नको. मंडळीनं पाळक नेमला आहे, त्याच्या मुलांना बिनपगारी मदतनीस म्हणून नेमलेलं नाही. गायनवृंदात एक आवाज कमी पडत असेल तर ती मंडळीची अडचण. आणि तिसरी गोष्ट तर कुणीही कुणाकडून करून घेऊ नये. सक्तीनं उच्चारलेल्या विश्वासाला विश्वास म्हणायचं तरी कसं?

शेवटच्या मुद्द्यावर कार्ल युंग यांची एक आठवण मला फार महत्त्वाची वाटते. हे मानसशास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधल्या एका सुधारित चर्चच्या पाळकाचे चिरंजीव, जन्म 1875 चा. दृढीकरणाची शिकवणी वडिलांकडेच होती. मुलाला सगळं कंटाळवाणं वाटत होतं, पण त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीच्या) प्रकरणाची तो आतुरतेनं वाट पाहत होता, कारण एकात तीन हे कोडं त्याला खरोखर पडलं होतं. ते प्रकरण आलं तेव्हा वडील म्हणाले की हे आपण सोडून देऊ, मला स्वतःलाच त्यातलं काही कळत नाही. युंग उतारवयात सांगतात की वडिलांच्या प्रामाणिकपणाचं त्यांना कौतुक वाटलं, पण निराशा खोलवर झाली. एरवीही मुलानं काही विचारलं की वडील विचार करण्यापेक्षा विश्वास ठेवायला सांगत.

मला यात वडिलांचं "कळत नाही" म्हणणं चुकीचं वाटत नाही. उलट, उपदेशपीठावरून सगळं माहीत असल्यासारखं बोलणाऱ्या बापानं घरी असं म्हणणं ही मुलासाठी मोठी भेट असू शकते. चूक पुढच्या क्षणी झाली: ते प्रकरण मिटून पुढं गेले. "मला कळत नाही, तुला काय वाटतं?" एवढं विचारलं असतं तर दोघांना कित्येक संध्याकाळी पुरेल इतकं बोलणं निघालं असतं. तुमच्या मुलीचं न येणं हा बहुधा असाच एखादा न विचारलेला प्रश्न आहे. तो कोणता, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. प्रार्थना करूनही एखादी मैत्रीण वाचली नाही, हा असू शकेल. किंवा उपदेशात क्षमेवर बोलणारे बाबा बैठकीहून घरी आल्यावर पंचांबद्दल काय बोलतात, हा असू शकेल. पाळकाच्या मुलाला मंडळीची मागची बाजू दिसते: कोण कुणाशी बोलत नाही, वर्गणीवरून कोण रुसलं, कुणी बाबांविरुद्ध सह्या गोळा केल्या. आणि पुढच्या रविवारी त्याच माणसांबरोबर एका ओळीत उभं राहून गायचं असतं. मोठ्यांनाही ते जड जातं.

विकासाच्या मानसशास्त्रात इथं उपयोगी पडणारी एक मांडणी आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी 1966 मध्ये, त्याच क्षेत्रातल्या एरिक एरिक्सन यांच्या विचाराला धरून, किशोरवयातल्या ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या. मुलानं स्वतः शोध घेतला आहे का, आणि ते कशाशी बांधलं गेलं आहे का, या दोन प्रश्नांवर त्या उभ्या आहेत. काही मुलं शोध न घेताच आईवडिलांचं सगळं जसंच्या तसं स्वीकारतात. काही शोधात असतात, अजून कुठे टेकलेली नसतात. काही शोधून मग स्वीकारतात. काही ना शोधतात, ना बांधली जातात. या भाषेत बोलायचं तर तुमची मुलगी दुसऱ्या अवस्थेत दिसते, आणि ती अवस्था घरच्यांना सर्वात जास्त त्रास देणारी असली तरी आजार नव्हे. धाकटा पहिल्या अवस्थेत आहे. नऊ वर्षांच्या मुलानं तिथं असणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्याच्याबद्दल मला दोन शब्द बोलायचे आहेत, कारण तुम्ही त्याला एका ओळीत आटोपलंत.

घरात मोठं भावंड "बिघडलं" असं ठरलं की धाकटं दुप्पट चांगलं होतं. कुणीतरी बाबांची लाज राखायला हवी ना. जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे ल्यूथरन पाळकाचा मुलगा. शाळेत त्याला पोरं "छोटा पाळक" म्हणत, इतका तो गंभीर आणि वचनं पाठ असलेला. विसाव्या वर्षी, 1865 च्या ईस्टरला, त्यानं प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. म्हणून तुमचा मुलगा नीत्शे होणार असं नाही, घाबरू नका. पण आज्ञाधारकपणा म्हणजे सगळं आलबेल, असंही समजू नका. त्याला मुद्दाम थोडं द्वाड होऊ द्या. त्यानं चूक केली की बाबांनी पाळक म्हणून वचन सांगू नये, बापासारखं रागवावं आणि विषय संपवावा. बहिणीशी तुलना तर कधीच नको. स्तुतीच्या रूपातही नको.

नीत्शेच्याच बालपणातली आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. 1849 मध्ये वडील वारले तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता. रोकेन या खेड्यातलं पाळकगृह पुढच्या पाळकासाठी रिकामं करावं लागलं आणि 1850 मध्ये कुटुंब नाउमबुर्गला गेलं. बाप गेला, आणि पाठोपाठ घर, बाग, गाव गेलं. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेनच्या पाळक वडिलांनी निवृत्त व्हायचं ठरवलं तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती; 1801 मध्ये कुटुंब बाथला गेलं आणि जन्मापासूनचं स्टीव्हंटनचं घर वडिलांच्या कामासोबत थोरल्या भावाकडे गेलं. पाळकाचं घर पदाबरोबर येतं आणि पदाबरोबर जातं. मुलं हे फार लवकर ओळखतात. म्हणून "मंडळी नाराज झाली तर?" हा प्रश्न त्यांच्यासाठी "आपण राहणार कुठं?" असा असतो. बदलीची शक्यता असेल तर ती मुलांपासून लपवू नका. ठरण्याआधी सांगा, आणि त्यांच्या परीक्षेच्या वर्षाचा विचार वरिष्ठांपुढे ठासून मांडा. छोट्या गावात तर मैत्रिणी, शाळा आणि चर्च ही तिन्ही एकच माणसं असतात, त्यामुळे एका बदलीत सगळंच सुटतं.

छोटं गाव या गोष्टीला आणखी पीळ देतं. शहरातल्या पाळकाची मुलगी बसमध्ये बसली की अनोळखी होते. गावात शाळेतल्या बाई मंडळीच्या सभासद, दुकानदार पंचांचा भाऊ, आणि मुलगी कुणाबरोबर उभी होती ही बातमी ती घरी पोचायच्या आत पोचलेली. शिवाय पाळकाचं कुटुंब लोकांच्या दानावर चालतं ही जाणीव असल्यानं नवा मोबाइल, नवे बूट यांचाही हिशोब लोक मनात करतात. तिला एक तरी जागा अशी हवी जिथं ती पाळकाची मुलगी नाही. एखादा खेळ, शेजारच्या गावातला क्लास, वाचनालय, काहीही चालेल. आणि एक मोठं माणूस हवं, जे मंडळीच्या कमिटीत नाही आणि ऐकलेलं तुम्हालाही सांगणार नाही. आत्या, मामा, जुनी शिक्षिका. तिनं त्यांच्याशी काय बोललं हे विचारू नका.

यजमानांसाठी दोन कडक नियम. उपदेशात मुलांचे किस्से त्यांच्या परवानगीशिवाय नाहीत, कौतुकाचे तर मुळीच नाहीत. व्यासपीठावरून झालेल्या कौतुकाचे पैसे दुसऱ्या दिवशी शाळेत फेडावे लागतात. आणि आठवड्यातला एक दिवस फोन दुसऱ्या कुणाकडे. मरण आणि अपघात सोडून बाकी सगळं एक दिवस थांबू शकतं. पाळकाची मुलं बापाच्या गैरहजेरीबद्दल तक्रारही करू शकत नाहीत, कारण बाप गेलेला असतो तो कुणाच्या तरी दुःखात. अशा बापावर रागवायचं तरी कसं? मग तो राग देवाच्या नावावर जमा होतो.

सक्ती केली आणि हटून बसलं तर काय होतं, याचं टोकाचं उदाहरण चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं आहे. वडील डच सुधारित चर्चचे पाळक, छोट्या गावांतून फिरती नोकरी. व्हिन्सेंट आधी स्वतः धर्मप्रचारक व्हायला निघाला. बेल्जियममधल्या खाणकामगारांत त्यानं इतकं झोकून देऊन काम केलं की 1879 मध्ये त्याची नेमणूक पुढं वाढवली गेली नाही. 1881 च्या नाताळला, एटनच्या पाळकगृहात, त्यानं चर्चला यायला नकार दिला. भांडणामागं आणखी कारणं होती, पण त्या दिवशी वडिलांनी त्याला घर सोडायला सांगितलं आणि तो निघून गेला. दोघंही आपापल्या परीनं प्रामाणिक होते. दोन वर्षांनी तो पुन्हा आईवडिलांकडे येऊन राहिलाही, मात्र मन मोकळं झालं नाही. 1885 च्या मार्चमध्ये वडील गेले. त्याच वर्षी त्यानं त्यांचं मोठं बायबल रंगवलं, उघडं ठेवलेलं, आणि शेजारी स्वतःच्या वाचनातली एक छोटी पिवळी कादंबरी. मुलीला रविवारी सकाळी दारात अडवायच्या आधी यजमानांनी हे चित्र एकदा बघावं असं मला वाटतं.

एवढं वाचून पाळकाच्या पोटी जन्मणं हा शापच आहे असं वाटेल. तसं नाही. या घरांत पुस्तकं असतात, गाणं असतं, चारचौघांत उभं राहून बोलायची सवय लागते, आणि आजार, म्हातारपण, मरण यांच्याजवळ बसायला मुलं लहानपणीच शिकतात. गणितज्ञ ऑयलर, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर ही सगळी पाळकांची मुलं. जर्मनीच्या माजी चॅन्सेलर अँगेला मर्केलही, टेंपलिन या छोट्या पूर्व जर्मन गावात, जिथं सत्तेला चर्च नको होतं, तिथं ती पाळकाची मुलगी म्हणून वाढली आणि 1970 मध्ये तिचं दृढीकरण झालं. त्या काळात किशोरवयीन मुलांसाठीच्या सरकारी सोहळ्याऐवजी दृढीकरण निवडायला हिंमत लागत होती. म्हणजे एकच गोष्ट एका मुलीला बंधन वाटते आणि दुसरीला बंड.

तुमच्याबद्दल. प्रॉटेस्टंट चर्चमधली पाळकाच्या कुटुंबाची परंपरा सुमारे पाचशे वर्षांची. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी 1525 मध्ये कॅथरिना फॉन बोरा यांच्याशी लग्न केलं, त्यांना सहा मुलं झाली आणि विटेनबर्गचं त्यांचं घर पाहुणे, विद्यार्थी, निराश्रितांनी कायम भरलेलं असे. ते सगळं चालवलं कॅथरिना यांनी. तेव्हापासून पाळकाच्या बायकोकडून हेच अपेक्षित आहे. तुम्ही मुलीला "नाही म्हणायला शीक" असं सांगून चालणार नाही, तुम्हाला नाही म्हणताना तिनं बघायला हवं. एखादी महिला सभा चुकवा. कारण देऊ नका.

शेवटी एक गंभीर गोष्ट. चर्चला न येणं वेगळं आणि खचणं वेगळं. मुलगी नीट झोपत नसेल, जेवण टाळत असेल, मैत्रिणींपासूनही तुटली असेल, अभ्यास अचानक ढासळला असेल, अंगावर जखमांच्या खुणा दिसल्या किंवा "मी नसते तर बरं" असं काही बोलली, तर हा विश्वासाचा प्रश्न म्हणून हाताळू नका. गावाबाहेरच्या, तुमच्या मंडळीशी संबंध नसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला लगेच दाखवा. पहिल्या भेटीत तज्ज्ञाला मुलीशी एकट्यानं बोलू द्या. आणि चर्चमधलं कुणी तिच्याशी नको तसं वागलंय का, ही शक्यता मनातून काढून टाकू नका. एखाद्या ठराविक माणसाला किंवा ठराविक खोलीला टाळण्यासाठीही मुलं अचानक यायची थांबतात. हे तिला शांतपणे, यजमान समोर नसताना विचारा, आणि ती जे सांगेल त्यावर आधी विश्वास ठेवा.